बोगद्यात रेंज नव्हती

दत्ताराम परबांना त्यांच्या सख्ख्या बहिणीनं गेल्या चार भाऊबीजांना ओवाळलेलं नाही. ती जोगेश्वरीला राहते, ते भांडुपला. म्हटलं तर तासाभराचं अंतर. त्यांच्या टेंभीपाड्यात कुणालाही विचारा, कारण सांगतील. आई गेली तेव्हा हा इटलीत होता आणि एकुलता एक मुलगा असून यानं फोनवर सांगितलं, माझ्यासाठी थांबू नका. हे साफ खोटं आहे. खोटं आहे हे फक्त दोन माणसांना ठाऊक आहे. एक खुद्द दत्ताराम परब, दुसरी मी.

मी शर्मिष्ठा, मुलुंडची. त्या वेळी एका सहल कंपनीत टूर मॅनेजर होते. मराठी माणसांना युरोप दाखवायचा आणि रोज रात्री त्यांच्या पानात वरणभात पडेल हे बघायचं, ही माझी नोकरी. पहिली गोष्ट सोपी होती, आयफेल टॉवर काही जागचा हलत नाही. दुसरी दत्तुकाका सांभाळायचे. आमच्या कंपनीचे ते आचारी.

अकरा वर्षांत काकांनी युरोप पाहिला तो हॉटेलांच्या मागच्या दारानं. आमची मंडळी कोलोझियमसमोर फोटो काढायची तेव्हा काका कुठल्यातरी तळघरात बत्तीस माणसांचा कांदा चिरत असायचे. शहरं त्यांच्या लक्षात राहायची ती वेगळ्याच खुणांनी. पॅरिसला कोथिंबीर मिळता मिळत नाही. स्वित्झर्लंडचं दूध विरजायला आळशी. मिलानचा तांदूळ चिकट, भाताला वाईट पण खिरीला झकास. एखादी हौशी बाई विचारायची, "काका, रोम कसं वाटलं?" तर म्हणायचे, "बरा असा. कांदो गोड असा."

बुटका माणूस. मे महिन्यातही डोक्याला माकडटोपी. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली आईची पितळी पळी, जी प्रत्येक विमानतळावर तपासणीत बाहेर निघायची आणि प्रत्येक वेळी मला त्या गणवेशवाल्यांना समजवावं लागायचं की हे हत्यार नाही. सगळी पंगत उठल्याशिवाय काका स्वतः कधी जेवले नाहीत. कुणी खरेदीत रमून उशिरा आलं तर मी चिडायचे, काका झाकून ठेवलेलं ताट पुढे करायचे. मला ते 'बाय' म्हणायचे. माझे बाबा मी कॉलेजात असताना गेले. त्यानंतर इतक्या मायेनं मला कुणी हाक मारली नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी काय केलं ते नीट कळेल.

त्या वर्षी मे महिन्यात आम्ही रोममध्ये होतो. तिथून मिलानला जायचं होतं. नेहमीची पद्धत अशी की सामान आणि भांडी घेऊन बस पहाटे निघायची, काका ड्रायव्हरशेजारी बसायचे, आणि आमची माणसं मागाहून वेगवान गाडीनं यायची. ताशी तीनशे किलोमीटर, तीन तासांत मिलान. हे आमच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेलं असायचं. अकरा वर्षांत काका त्या गाडीत एकदाही बसले नव्हते. या वेळी एका बाईंचा पाय मुरगळला. त्या बसमध्ये मागे पाय पसरून जाणार होत्या, म्हणून गाडीतली त्यांची जागा रिकामी झाली.

"काका, आज तुम्ही गाडीनं चला."

"आणि भांडी?"

"भांडी कुठे पळून जातायत?"

इस्त्रीचा शर्ट घालून आले. माकडटोपी घडी करून खिशात. फलाटावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाय, एक काम करशील? माझो फोन या मुलखात चलत नाय. गाडी तीनशेवर गेली काय तुझ्या फोनवरसून आयेक दाखवया. ती म्हणालीहा, त्या गाडीत बसलंस काय माका दाखय."

आई म्हणजे त्यांच्या घरातलं मुख्य माणूस. ब्याऐंशी वर्षांची. दोन महिने अंथरुणाला खिळलेली, पण बोलणं खणखणीत. मी म्हटलं, दाखवू की, त्यात काय.

दहाची गाडी सुटली. काका खिडकीशी, मी शेजारी. डब्यात वर पडदा होता, त्यावर वेग दिसायचा. दोनशे ऐंशी झाले तेव्हा काकांनी चहाचा कागदी कप समोरच्या फळीवर ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. चहा हलत नव्हता. मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्या हातांना काम नाही असं मी पहिल्यांदा पाहत होते.

"आयेक अशी बसलेली मी कधी बघूक नाय," ते म्हणाले आणि सांगायला लागले.

लालबागला त्यांच्या आईची खाणावळ होती. दहा बाय बाराची खोली, चाळीस गिरणी कामगार जेवायला. वडील पण गिरणीतच. काका बारा वर्षांचे असताना एके दिवशी वडील रात्रपाळी करून आले, झोपले, आणि झोपेतच गेले. आईला कळलं तेव्हा अकरा वाजले होते. दुपारपाळीची माणसं जेवून कामावर जायची, ती जिन्यात येऊन पोचली होती. आईनं नवऱ्याच्या तोंडावरून चादर ओढली आणि म्हणाली, रात्रपाळी करून झोपलेत, गॅलरीत बसा, आवाज करू नका. चाळीसच्या चाळीस माणसं जेवली. हळू आवाजात बोलत, झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून. शेवटचा माणूस हात धुऊन गेला आणि मग तिनं पहिला हंबरडा फोडला.

"तिचा एकच म्हणणा," काका म्हणाले. "बसलेली पंगत उठवूची नाय. कायव होवंदे."

एवढ्यात माझा फोन वाजला. काकांच्या मुलाचा, सुयोगचा मेसेज. 'शर्मिष्ठाताई, आजी गेली. दीड वाजता. बाबांना फोन द्या.'

पडद्यावर तीनशेचा आकडा आला होता. काका माझ्याकडे बघून लहान मुलासारखे हसले. "झाले बघ तीनशे! लाव फोन."

मी म्हटलं, "रेंज नाहीये काका. बघते हं." आणि उठून डब्याच्या दाराकडे गेले.

आता तिथे उभी राहून मी काय विचार केला तो जसाच्या तसा लिहिते. त्या रात्री मिलानला आमच्या ग्रुपमधल्या बाळकाका वैद्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. वयाची एक्याऐंशी वर्षं होत आली होती आणि सुनेनं, मृणालिनीनं, तो सोहळा या सहलीतच करायचा घाट घातला होता. नैवेद्याची चांदीची वाटी ती मुलुंडहून घेऊन आली होती. निघण्यापूर्वी ऑफिसात येऊन तिनं मला विचारलंही होतं, "स्वयंपाक करणाऱ्यांना सोयरसुतक नाही ना काही?" मी छातीठोकपणे नाही म्हटलं होतं. आता काकांना सांगितलं तर सुतक लागणार. सुतकात ते दुसऱ्यासाठी चूल पेटवणार नाहीत, आणि पेटवली तरी वैद्यांच्या घरचे शुभकार्याला ते अन्न शिवणार नाहीत. मिलानला त्या बत्तीस माणसांचं मी काय करू? सहलीची वाट लागणार, तक्रार होणार, ती माझ्या नावावर जाणार.

मी विमानंही बघितली. हे मला लपवता आलं असतं, पण नाही लपवत. मिलानहून साडेचारचं विमान होतं. जागा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मुंबई.

सुयोगचा दुसरा मेसेज आला. 'बाबांना विचारा, थांबू का? सगळे म्हणतायत पाचला काढू. बाबा येत असतील तर उद्यापर्यंत थांबतो.'

मी लिहिलं, 'गाडी बोगद्यांत आहे. जरा वेळ दे.' तेव्हा गाडी लख्ख उन्हात धावत होती, बाहेर सूर्यफुलांची नाहीतर कसलीतरी हिरवी शेतं होती. मग मला त्या चादरीची आठवण झाली. वाटलं, ज्या बाईनं स्वतःच्या नवऱ्याच्या वेळी पंगत उठवली नाही, तिला हेच पटलं असतं. तिच्याच शब्दांत मला परवानगी मिळाली असं मी स्वतःला पटवलं. किती पटकन पटतं माणसाला! दहा मिनिटं उगाच तिथेच घालवली आणि लिहिलं, 'बाबा म्हणाले, थांबू नका. आजीला बर्फावर ठेवू नका. आज त्यांना बोलवत नाहीये, उद्या फोन करतील.'

सुयोगनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

मी जागेवर आले. "इली रेंज?" काकांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. आणि फ्लॉरेन्स मागे पडल्यावर खरेच बोगदे आले. एकामागून एक, अर्धा तास. खिडक्या काळ्या झाल्या, कान बंद झाले. माझा फोन फळीवर होता आणि काका त्याच्यावर नजर लावून बसले होते. मध्येच दोन क्षण उजेड यायचा की ते आधी फोनकडे, मग माझ्याकडे बघायचे. मी फोनचा आवाज बंद करून तो पालथा ठेवला होता.

बोलोन्या गेलं. पुढे सपाट मुलूख लागला. काकांनी गार झालेला चहा संपवला. मग म्हणाले, "बाय, मगाची गोष्ट अर्धी रवली. त्या दिवशी मी शाळेतसून इलंय. आयेन माकाव त्या पंगतीत बसवलान. बांगड्याचो सार होतो. मी दोनदा भात मागून घेतलंय. बाप आत पडलोहा आणि मी भात मागतंय." त्यांनी रिकामा कप चुरगळला. "तिना सगळ्यांका जेवू घातल्यान ता बरोबर. पन माका सांगूक होया होता. पोरान बापाक बघूचा रवला. पोटभर जेवल्यार मग बघलंय. आयेक मी सगळा माफ केलंय, पन ता नाय जमला अजून. आता जावन तिका सांगतलंय, की जा, ताव माफ केलंय."

घड्याळात साडेबारा झाले होते. भारतात चार. मला सगळा हिशेब डोळ्यांसमोर दिसत होता. एक फोन केला असता तर सुयोग थांबला असता. साडेचारचं विमान अजून मिलानमध्येच होतं. शेजारी बसलेल्या माणसाच्या हातावर हात ठेवून पाच शब्द बोलायचे होते. मी पर्समधून गोळी काढली आणि डोकं दुखतंय म्हणून डोळे मिटून घेतले. गाडीला उशीर व्हावा, ती कुठेतरी बंद पडावी, दुसऱ्या कुणीतरी त्यांना सांगावं असं मला वाटत राहिलं. ती गाडी मिनिटाचाही उशीर न करता मिलानला पोचली. पाचाला वीस कमी होते, भारतात.

त्या रात्री काकांनी मणगणं केलं. हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाच्या दुधाची खीर. आईच्या खाणावळीत सणाला व्हायची ती. पितळी पळीनं ढवळताना ते काहीतरी गुणगुणत होते. मृणालिनीनं चांदीच्या वाटीतून नैवेद्य दाखवला, एक्याऐंशी दिवे लावले, विजेचेच, कारण हॉटेलवाल्यांनी ज्योतीला मनाई केली होती. बाळकाकांना ओवाळलं. सगळे पोटभर जेवले. सगळ्यांचं झाल्यावर काका जेवले आणि त्यांनी मणगण्याची एक वाटी वेगळी काढली.

"आता तरी लाव बाय. आयेक दाखवतंय, तुझ्यासारखा झालाहा काय बघ."

"आता तिकडे झोपले असतील सगळे, काका."

"होय तर." त्यांनी वाटीवर चांदीचा कागद लावला आणि ती फ्रिजमध्ये नीट मागे सरकवून ठेवली. "उद्या लावया."

सकाळी पोह्यांचा नाश्ता उरकला. माणसं आवरायला खोल्यांत गेली. काका ओटा पुसत होते. मी दारात उभी राहून सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. काकांच्या हातातलं फडकं तेवढं आठवतं. ते त्यांनी पिळलं, झटकलं आणि नळावर वाळत घातलं.

"कधी?"

"काल."

"काल कधी?"

"आपण गाडीत होतो तेव्हा."

माझ्याकडे न बघता म्हणाले, "घराक फोन लाव."

मी लावला. त्यांच्या बायकोनं, वनमालाकाकूंनी उचलला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. त्या रडत होत्या. "सोन्यासारखी गेली हो. सुयोगान अग्नी दिल्यान. शालन तेवढी आडवी पडली, दादा येयसर हलवूक देवचंय नाय म्हणाली. पन तुमीच सांगलास ना, थांबू नको म्हणान. तेव्हा मगे काढली. सांगलास ना तुमी?"

काकांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी कुठेतरी जमिनीत जावं असं मला वाटलं. वाटतं तसं काही होत नाही. आपण तिथेच उभे असतो.

"होय," काका फोनमध्ये म्हणाले. "मीच सांगलंय."

फोन मला परत दिला. कमरेचा टॉवेल सोडला, घडी केली. "बाय, काल माका ठावक नव्हता, म्हणजे काल माका सुतक नव्हता. तुझ्या लोकांचा कायएक बाटला नाय, काळजी करू नको. आता ठावक झाला. आता माझ्या हातचा कोणाक नको." दारापर्यंत गेले आणि वळले. "पन तुका ठावक होता ना गे?"

त्यात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, हुज्जत घातली असती, मला जमतं ते. त्यांना खरंच कळत नव्हतं की हे आपल्या बायनं केलं. मला रडूही आलं नाही.

दुपारच्या विमानानं मी त्यांना रवाना केलं. बाळकाका वैद्यांना कुणीतरी बातमी सांगितली, आज सकाळीच कळलं एवढीच. ते काठी टेकत खाली आले, काकांसमोर हात जोडले. नंतर मला म्हणाले, "काल दिवसा कळलं असतं ना, तर मी सोहळा दुसऱ्या दिवशी ठेवला असता, बेटा. पाव खाऊन झोपलो असतो. एका रात्रीनं काय होतंय?" मृणालिनी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "हो ना, मग काय!" आणि डोळे पुसले. म्हणजे ज्यांच्या भीतीनं मी हे केलं, त्यांची भीती बाळगायचं कारणच नव्हतं. ती मणगण्याची वाटी फ्रिजमध्येच होती. आम्ही दोन दिवसांनी मिलान सोडलं तेव्हाही मी ती तशीच मागे सरकवलेली पाहिली. हात लावायचा धीर झाला नाही.

तेराव्याला मी भांडुपला गेले. जायचंच होतं आणि खरं सांगायचंच होतं, हे ठरवून गेले. घर माणसांनी भरलं होतं. काकांनी मुंडण केलं होतं, एकदम म्हातारे दिसत होते. वनमालाकाकूंनी मला जवळ घेतलं. "तुमी व्हतास म्हणान बरा, नायतर परक्या मुलखात तेंका कोण सांभाळणार?" सुयोग म्हणाला, ताई, त्या बोगद्यांतूनसुद्धा तुम्ही निरोप पोचवलात. बोगद्यांची हकिकत काकांनी घरी माझ्यासारखीच सांगितली होती. गाडी तीनशेनं जाते, आत रेंज येत नाही, शर्मिष्ठानं कसाबसा मेसेज केला. माझा एक एक शब्द त्यांनी जपून खरा केला होता.

पानं मांडली होती. मला बायकांच्या पंगतीत बसवलं. समोर शालन बसली होती, काकांची धाकटी बहीण. तिनं वरणभाताला हात लावला नव्हता. काका वाढायला आले तशी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आवशीक तोंड बघूक एकुलतो एक झील मिळाक नाय. आणि झील म्हणता, थांबू नको. बत्तीस परक्यांची जेवणां तेका आवशीपेक्षा मोठी झाली. आजपासून माका भाव नाय."

काकांनी मान खाली घातली होती, हातात मणगण्याचं भांडं, भांड्यात तीच पितळी पळी. मी पानाशेजारी हात टेकला. उठून उभं राहायचं आणि सांगायचं, एवढंच. शब्दही तोंडात आले होते.

काका माझ्या पानासमोर वाकले. पळीभर मणगणं वाढलं. इतक्या हळू बोलले की शेजारणीलाही ऐकू गेलं नसेल.

"बस बाय. पंगत बसलीहा. जेव आदी."

आणि मी जेवले.